कोजागिरीच्या आत उरकायच्या भेटवस्तू

दसऱ्यानंतर दिवाळीला वीसेक दिवस उरतात आणि त्यातच फराळ, झाडझूड, माळ्यावरचे डबे सगळं येतं. म्हणून दिवाळीच्या ज्या भेटवस्तूंच्या पैशातून कुणाला हातभार लागावा असं वाटतं, त्यांचं काम मी कोजागिरीच्या आत उरकते. हातमागावर आणि बांबूत काम करणारी माणसं शेवटच्या आठवड्यात ‘ताई, तीस नग द्या’ म्हटल्यावर कुठून देणार?

वहीत आधी माणसांची नावं लिहा, संस्था मागाहून. नावापुढे तो माणूस रोज काय वापरतो ते टिपा. मी एका वर्षी उलटं केलं. प्रदर्शनात हातमागाचे गडद निळे टॉवेल दिसले, विणणाऱ्या बायांची हकिकत ऐकून गहिवरले आणि डझनभर उचलले. नणंदेने तिचा टॉवेल पांढऱ्या कपड्यांतच भिजवला. तुळशीच्या लग्नाला तिच्याकडे गेले तर तिचे सासरे आकाशी धोतर नेसून बसलेले. कुणी काही बोललं नाही, पण पोहे जरा उशिराच आले. तेव्हापासून रंगीत कापडासोबत ‘पहिले दोनदा वेगळं धुवा’ अशी चिठ्ठी ठेवते.

आता कुठून घ्यायचं. एक रविवार मोकळा असेल तर वरोऱ्याला आनंदवनात जा, नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. ते चालवणारी, कुष्ठरोग्यांसाठी काम करणारी महारोगी सेवा समिती बाबा आमट्यांनी १९४९ साली स्थापन केली. तिथल्या लोकांनी विणलेल्या सतरंज्या आणि बनवलेली भेटकार्डं ज्याला द्याल तो वापरतो. वर्धा त्याहून जवळ. तिथलं मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलं; नैसर्गिक रंगाची खादी तिथे मिळते. निघायच्या आधी फोन करून विक्री चालू आहे ना, एवढं विचारा. गाडी काढायची नसेल तर शहरातलं खादी भांडार आहेच. गांधी जयंतीपासून तिथे सूट असते, ती खुशाल घ्या. संकोच वाटत असेल तर वाचलेल्या पैशात एक पंचा जास्त घ्या.

काहींच्या घरात वस्तू ठेवायला जागा नसते. त्यांच्या नावाने देणगी द्या, पण त्यांच्या मनातल्या कामाला. गोशाळेसाठी जीव टाकणाऱ्या काकांना शाळेच्या देणगीची पावती देऊन आपलंच समाधान होतं. पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या, कारण २,००० रुपयांच्या वर रोख दिलं की देणगीवरची आयकर सवलत जाते, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ती तशीही मिळत नाही. टॉवेल विकत घेतला ती खरेदी झाली, देणगी नव्हे. त्याची पावती सीएकडे नेऊ नका, तो हसतो. ‘विक्रीतला काही भाग समाजकार्याला’ असं छापलेल्या दुकानी डब्यांबाबत एकच विचारते, किती भाग आणि कुणाला? काउंटरवरचा पोरगा मालकाकडे बघायला लागला की मी डबा खाली ठेवते.

सतरंजीसोबत अर्धा किलो संत्रा बर्फी ठेवाच. नुसतं कापड दिलं की आपल्याकडे आजीलोक ‘गोडाचं काही नाही का वं?’ विचारतात. बर्फी मात्र वसुबारसेच्या सुमारास आणा, आधी आणली तर घरातच संपते.

घरी कामाला येणाऱ्या मावशींचं नाव या यादीत घालू नका. त्यांना पूर्ण महिन्याचा बोनस रोख द्यायचा, तोही धनत्रयोदशीच्या आधी, म्हणजे त्यांचीही खरेदी होते. मागे एकदा मी त्यातले तीनशे कापून हातमागाची पिशवी दिली होती. मावशी ती घेऊन रोज कामाला यायच्या, आणि मला रोज ती खुंटीला टांगलेली दिसायची.