टेबल, पुठ्ठा आणि ओळंबा: कोल्हापूरची खरी दुपार अशी मोजा

कोल्हापुरात सूर्य बाराच्या ठोक्याला माथ्यावर येत नाही. भारतभर घड्याळ एकच, ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं. कोल्हापूर आहे ७४.२ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपली दुपार सरासरी १२ वाजून ३३ मिनिटांनी होते. सहावी ते आठवीच्या मुलांना ही वेळ, गावाचा अक्षांश आणि अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाच्या तारखांमागचं कारण गच्चीवर स्वतः मोजून काढता येतं.

नुसती काठी उभी करून सावली मोजायला जाऊ नका. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, तबकडी आहे. त्यामुळे मीटरभर उंचीच्या काठीचं टोक जमिनीवर सेंटिमीटरभर पुसट होतं आणि चार मुलं चार ठिकाणी खूण करतात. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याला खिळ्याने ३ मिमीचं स्वच्छ गोल भोक पाडा. पुठ्ठा टेबलाच्या उत्तरेकडच्या कडेवर असा ठेवा की भोक कडेपासून १० सेंमी बाहेर येईल आणि भोकाभोवती सगळीकडे निदान ८ सेंमी पुठ्ठा राहील. वर वजन ठेवा. पुठ्ठा वाकत असेल तर भोक मोकळं ठेवून खाली दोन पट्ट्या द्या. खाली जमिनीवर कागद पसरा. आता त्यावर पुठ्ठ्याच्या सावलीत सूर्याचा उजळ ठिपका पडेल. त्याचा मध्य ही आपली खूण. भोकातून सूर्याकडे कुणीही बघायचं नाही. बघायचं ते फक्त खालच्या कागदाकडे.

भोकातून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. तो जिथे टेकेल तो पायबिंदू. भोकाची जमिनीपासूनची उंची मोजून लिहा. इथे ती ७५ सेंमी धरली आहे. सगळ्यात जास्त घोळ होतो तो गच्चीच्या ढाळामुळे. पाणी वाहून जावं म्हणून स्लॅबला उतार असतोच, आणि तो नुसत्या डोळ्यांना कळत नाही. कागदाखाली प्लायवूड घाला, पाणसळ (पातळी दाखवणारी बुडबुड्याची नळी) लावा आणि पातळी साधेपर्यंत पुठ्ठ्याचे तुकडे सरकवा. मग ओळंबा पुन्हा सोडून पायबिंदू आणि उंची नव्याने घ्या.

सव्वाअकरापासून दोन वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर खूण करा आणि शेजारी वेळ लिहा. ठिपका पायबिंदूच्या सर्वांत जवळ येतो ती दुपार, हे खरं. पण त्या सुमारास अंतर इतकं हळू बदलतं की वेळ पाच-सात मिनिटांनी सहज चुकते. म्हणून जोडी वापरा: सकाळच्या एका खुणेतून पायबिंदूभोवती वर्तुळ काढा आणि दुपारनंतर ठिपका त्याच वर्तुळावर कधी येतो ते पाहा. २१ मार्चला सकाळची खूण ११.३० ची असेल, तर दुसरी १.५० च्या आसपास येईल. मध्य १२.४०, ती त्या दिवशीची खरी दुपार. दोन्ही खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, तिला पायबिंदूतून काढलेला लंब उत्तर-दक्षिण. होकायंत्र इथे नको, स्लॅबमधल्या सळ्या त्याची सुई ओढतात.

विषुवदिनी, म्हणजे २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, दुपारचं अंतर २२.५ सेंमी भरतं. आलेख कागदावर १५ सेंमी उभी आणि ४.५ सेंमी आडवी रेघ घेऊन काटकोन त्रिकोण काढा. वरच्या टोकाशी कोनमापक लावलात की १६ आणि १७ च्या मध्ये वाचन मिळतं. विषुवदिनी हा कोन म्हणजेच गावाचा अक्षांश, आणि कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश आहे.

आता किरणोत्सव. मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचण्याचे पारंपरिक दिवस ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी या दोन्ही दिवशी गच्चीवर मोजा: दुपारचा ठिपका दोन्ही वेळा ५० सेंमीच्या आसपास पडेल. २२ डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे साधारण ४१-४२ दिवसांवर सूर्य दक्षिणेकडे तितकाच कललेला असतो, म्हणून तो क्षितिजावर मावळतोही त्याच जागी. नोव्हेंबरात तो दक्षिणेला सरकत असतो, फेब्रुवारीत उत्तरेला परतत असतो. खुद्द २२ डिसेंबरला अंतर ६३ सेंमी होतं. मुलांना हमखास चकवणारी गोष्ट वेगळीच आहे: अंतर सारखं, पण १० नोव्हेंबरची दुपार १२.१७ ला आणि १ फेब्रुवारीची १२.४७ ला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे खरा सूर्य घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे असतो. वेळ न लिहिता नुसत्या खुणा केल्या तर हे हातून निसटतं.

६ मेच्या सुमारास १२.३० ला ठिपका थेट पायबिंदूवर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर तो दक्षिणेला पडू लागतो, म्हणून पुठ्ठा आधीच दक्षिणेच्या कडेला न्या. ६ ऑगस्टच्या आसपास हा दिवस पुन्हा येतो, पण ढगांमुळे बहुधा दिसत नाही.

नाशिक कोल्हापूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. तिथल्या एखाद्या शाळेने त्याच दिवशी मोजमाप केलं, तर दोन कोनांतला ३.३ अंशांचा फरक आणि सुमारे ३६५ किमी अंतर यांवरून पृथ्वीचा परीघ ४०,००० किमीच्या जवळ निघतो. मात्र अर्ध्या अंशाच्या चुकीने उत्तर ५,००० किमीहून जास्त हलतं, तेव्हा दोन्हीकडे पाणसळ लावायला विसरू नका.