आई-बाबांना मतदानाला नेताना: बूथपर्यंत हात धरा, बटणापर्यंत नको

घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असलं की निवडणुकीच्या दिवशी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर "कशाला त्यांना उन्हातान्हात न्यायचं, एका मताने काय होतंय" म्हणून त्यांना घरी ठेवून बाकीचे जाऊन येतात, नाहीतर मुलगा-सून गाडीत बसवून नेतात आणि वाटेत "वरून तिसरं बटण दाबा हं" असं बजावत राहतात. मला दोन्ही पटत नाही. ज्या माणसाने आपल्या जन्माच्या आधीपासून मतदान केलंय त्याला आता फक्त जिना उतरवायला मदत हवी असते, विचार करायला नाही. माझे बाबा १९३८ चे, आई १९४५ ची, दोघं पुण्यात माझ्याजवळ असतात आणि गेल्या काही निवडणुकांत मला जे जे करावं लागलं ते इथे लिहून ठेवते, कुणाच्यातरी उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी मतदार यादी. हे काम निवडणूक जाहीर व्हायच्या आधी करायचं, कारण उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की यादीत नाव चढत नाही, मग तुम्ही कितीही ओळखी काढा. voters.eci.gov.in असं इंग्रजीत टाइप करायचा कंटाळा असेल तर निवडणूक आयोगाचं ईसीआयनेट ॲप घ्या किंवा सरळ १९५० ला फोन लावा. शोधताना वोटर आयडीच्या नंबरावरून शोधा, नावावरून नको, कारण जुन्या लोकांच्या नावांची यादीत पार वाट लागलेली असते, कुठे नुसतं नाव, कुठे पुढे बाई लावलेलं, कुठे आडनावात एक काना जास्त. आणि नाव सापडलं म्हणून लगेच बंद करू नका, वय बघा. जुन्या याद्यांत वय अंदाजे लिहिलेलं असायचं आणि तेच पुढे चालत आलेलं असतं. हे वय पुढे फार महत्त्वाचं आहे, कारण घरून मतदानाची सोय यादीतल्या वयावर ठरते. नाव, वय, पत्ता काहीही चुकलं असेल तर फॉर्म ८ भरायचा, कार्ड हरवलं असेल तरी तोच फॉर्म ८, दिव्यांग म्हणून नोंद करायची असेल तरी तोच.

पत्ता बदलायच्या बाबतीत मात्र जरा थांबा. आई-बाबा गावाहून मुलाकडे राहायला आले की पहिल्या महिन्यातच त्यांचं रेशनकार्ड, बँक, गॅस सगळं बदलायची घाई होते आणि त्यात मतदार यादीतलं नावही हलवून टाकतात, त्यांना न विचारता. गावात ज्या सरपंचाला त्यांनी नावाने ओळखलं, ज्या शाळेत ते रांगेत उभे राहिले तिथलं नाव काढणं हा त्यांच्यासाठी नुसता फॉर्म नसतो. माझ्या मामांनी शेवटपर्यंत नाव हलवलं नाही, निवडणूक आली की एसटीने म्हसवडला जायचे. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, तो गुन्हा आहे, हे त्यांना नीट सांगा, आता इथे जास्त राहता तर कायद्याने नाव इथे असायला हवं हेही सांगा, पण सही त्यांच्याकडून मनापासून येऊ द्या. त्यासाठी दोन-चार महिने गेले तर जाऊ देत.

आता घरून मतदान. लोकसभा आणि विधानसभेला ८५ वर्षांच्या वरच्या मतदारांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना टपाली मतपत्रिकेने घरी मत देता येतं. आधी ही मर्यादा ८० होती, २०२४ च्या लोकसभेच्या तोंडावर ८५ केली, त्यामुळे शेजारच्या काकांना पूर्वी मिळालं म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरू नका. त्यासाठी फॉर्म १२ड भरायचा, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत, आणि ही पाच दिवसांची गोष्ट फार लोकांना माहीत नसते. बीएलओ, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी, फॉर्म घेऊन घरी येतात पण ते येतील म्हणून बसून राहू नका, बीएलओचा नंबर ॲपवर मिळतो, आपणच फोन करा. आणि एकदा घरून मत मागितलं की मग बूथवर जाऊन देता येत नाही, दोन्हीतलं एकच, म्हणून हा निर्णय ज्याचं मत आहे त्यानेच घ्यायचा.

आमच्याकडे बाबांना बूथवरच जायचं होतं. दर वेळी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सातच्या ठोक्याला शाळेत हजर असायचे, तिथे बँकेतले जुने सहकारी भेटायचे, तो सगळा सोहळाच होता त्यांचा. पण आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी एवढंच म्हटलं, "बाबा, दोन्ही सोयी आहेत, तुम्ही सांगाल तो फॉर्म भरू." दोन दिवस काही बोलले नाहीत, मग संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "घरीच बोलव त्यांना. उतरेन गं मी, पण चढताना तुझा जीव वर-खाली होतो."

मे २०२४ मध्ये ती टीम आली, दोन निवडणूक कर्मचारी, एक पोलीस आणि व्हिडिओ काढणारा एक मुलगा. येण्याचा दिवस आधी कळवतात. पहिल्या वेळी मतदार घरी नसेल तर आणखी एकदा येतात, त्यानंतर नाही, म्हणून त्या दिवशी दवाखान्याची अपॉइंटमेंट वगैरे ठेवू नका. ओळखपत्र काढून ठेवा, चष्मा काढून ठेवा, टेबल रिकामं करून ठेवा. त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, बाबांना घोषणापत्रावर सही कुठे करायची ते दाखवलं आणि मतपत्रिका दिली. बाबांनी आमच्याकडे नुसतं बघितलं आणि आम्ही सगळे गॅलरीत गेलो, आईसुद्धा. त्यांनी इतका वेळ घेतला की तो पोलीस घड्याळ बघायला लागला, पण कुणी घाई केली नाही. मग पाकीट स्वतः चिकटवलं, कडेने बोट फिरवून दोनदा दाबलं आणि कर्मचाऱ्यांच्या हातात दिलं. बाबांचं पहिलं मतदान १९६२ चं, तेव्हा मतदानाचं वय २१ होतं आणि लोकसभा-विधानसभा एकत्रच झाल्या होत्या. एवढ्या वर्षांनी घरातल्या टेबलावर मत देताना त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता आणि मला ते बघून फार भरून आलं.

तुमच्या घरी टीम येईल तेव्हा तुम्हीही बाहेर जा. कितीही वाटलं की त्यांना नीट दिसणार नाही, तरी त्यांनी हाक मारल्याशिवाय जवळ जायचं नाही.

आई ८५ ची नाही त्यामुळे तिला बूथवरच जावं लागलं, गुडघे दोन्ही गेलेले. त्याची तयारी वेगळी. आयोगाच्या ॲपवरून दिव्यांग मतदाराला व्हीलचेअर मागवता येते, पण केंद्रावर व्हीलचेअर आणि रॅम्प असायलाच हवा असा नियम आहे तेव्हा ॲप जमलं नाही तरी गेटवरच्या माणसाला विचारा. म्हाताऱ्या माणसांना रांगेत उभं करत नाहीत, पुढे सोडतात, फक्त तुम्हाला ते मोठ्याने सांगावं लागतं. उन्हाळ्यात निवडणूक असेल तर सात ते नऊ ही वेळ गाठा. बीपीसाठी लघवीची गोळी सकाळी असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून घ्या, बूथवरच्या संडासाची अवस्था बघून आई मागच्या खेपेला पाणीच न पिता निघाली होती आणि घरी येऊन तिला गरगरलं. वोटर आयडी नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं चालतात, नुसती मतदार चिठ्ठी चालत नाही. मोबाईल आत नेऊ देत नाहीत म्हणून घरच्या दुसऱ्या कुणालातरी बाहेर फोन सांभाळायला न्या.

सोबतीचा नियम नीट समजून घ्या. दिसत नसेल किंवा अशक्तपणामुळे बटण दाबता येत नसेल तरच सोबतीला आत जाता येतं, ती व्यक्ती १८ च्या वरची हवी, मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं आणि एका दिवशी एकाच मतदाराची सोबत करता येते. म्हणजे आई आणि बाबा दोघांनाही आधार लागत असेल तर दोन माणसं लागतील. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला दिसतं, ती म्हणाली तू दारात थांब. मी थांबले. घरी फक्त एवढं समजावलं होतं की निळं बटण दाबल्यावर शेजारच्या मशीनच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती बघ आणि मगच बाहेर ये.

चिन्हांचा गोंधळ हा मात्र खरा मोठा विषय आहे. या पिढीने बैलजोडी बघितली, गाय-वासरू बघितलं, पणती, झोपडी, खटारा सगळं बघितलं, चिन्हावरच त्यांचं मत ठरायचं. आता महाराष्ट्रात दोन मोठे पक्ष फुटले, धनुष्यबाण एकाकडे, मशाल दुसऱ्याकडे, घड्याळ एकाकडे आणि तुतारी वाजवणारा माणूस दुसऱ्याकडे. २०२४ च्या लोकसभेला तर अपक्षांना मिळालेल्या तुतारीमुळे मतं भलतीकडे गेल्याची तक्रार झाली होती. तेव्हा निवडणुकीच्या आठवड्यात उमेदवारांची पूर्ण यादी मिळवा आणि सगळी, अगदी शेवटच्या अपक्षापर्यंतची नावं, पक्ष आणि चिन्हं मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. सगळी म्हणजे सगळीच. आपल्याला आवडतो तोच उमेदवार ठळक करून दाखवला तर तो प्रचार झाला. यंत्रावर उमेदवाराचा फोटोही असतो हे सांगितलं की त्यांना खूप धीर येतो.

महापालिकेचं सगळं वेगळं असतं, ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा लोकसभेला घरून मत दिलं म्हणून तिथेही टीम येईल असं गृहीत धरू नका. जानेवारी २०२६ ला पुण्यात प्रभाग पद्धत होती, अ ब क ड अशा जागा, प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं, आणि व्हीव्हीपॅट, म्हणजे ते चिठ्ठी दाखवणारं मशीन, नव्हतं त्यामुळे चिठ्ठी दिसत नव्हती. हे आधी सांगितलं नाही तर एक बटण दाबून माणूस बाहेर यायला निघतो आणि आतले अधिकारी परत बोलावतात, मग त्या माणसाला ओशाळल्यासारखं होतं. आम्ही कागदावर चार चौकोन काढून सराव केला.

आता घरातल्या बोलण्याविषयी. माझा भाऊ न्यूजर्सीला असतो, रविवारी व्हिडिओ कॉल करतो आणि निवडणूक जवळ आली की दहाव्या मिनिटाला बाबांचा आणि त्याचा आवाज चढतो. नंतर मला मेसेज करतो, "तू बाबांना जरा समजाव, त्यांनी या वेळी अमक्यालाच मत द्यायला हवं." मी त्याला सरळ सांगितलं की दादा, मी ते करणार नाही, तुला जे वाटतं ते तू त्यांच्याशी बोल, पण हळू आवाजात आणि त्यांचं पूर्ण ऐकून. मुलांच्या ताब्यात औषधं असतात, पैसे असतात, फोनचा पासवर्डसुद्धा असतो, अशा वेळी मुलाने दिलेला सल्ला आणि दिलेला हुकूम यात म्हाताऱ्या माणसाला फरक करता येत नाही. उद्या दवाखान्यात कोण नेईल हा विचार करून ते हो म्हणतात. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

फॉरवर्डचंही तसंच. ग्रुपवर आलेला काहीतरी भयंकर मेसेज ते वाचून दाखवतात तेव्हा "खोटं आहे ते" म्हणून तोडून टाकू नका. कुणी पाठवलाय, तारीख कोणती, आजच्या पेपरात आलंय का, हे त्यांच्याबरोबर बसून बघा. बाबांना पेपर अजून प्रिय आहे, पेपरात नाही म्हटलं की ते स्वतःच डिलीट करतात. टीव्हीवरची रात्रीची चर्चा आम्ही जेवताना बंद ठेवतो, बीपीसाठीच, आणि तो वेळ जुन्या गोष्टींना देतो. त्यांना वाद घालायचा नसतो, त्यांना विचारायला हवं असतं. पानशेतचं धरण फुटून पाणी आलं त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, ७७ चा निकाल कसा कळला, असं विचारा. आई ७२ च्या दुष्काळात बाळंतपणाला माहेरी होती, घरातली बायामाणसं खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या, हे तिने मला या निवडणुकीच्या निमित्ताने पहिल्यांदा नीट सांगितलं. ती आजही कुठलाही उमेदवार आला की पाण्याचं विचारते. पूर्वी मला वाटायचं आईला राजकारणात रस नाही.

शेवटचं, विसरायला लागलेल्या माणसांबद्दल. विसरभोळेपणा आला म्हणून मताचा हक्क जात नाही, कोर्टाने तसं ठरवल्याशिवाय नाव काढता येत नाही. आमच्या आत्याला तारीख-वार आठवत नाही पण मत द्यायचं म्हटलं की ती साडी नेसून तयार होते. अशा माणसाला आदल्या दिवशीपासून थोडं थोडं सांगत राहा, कागदावरची यादी दोन-तीनदा दाखवा, ओळखीचं एकच माणूस सोबत ठेवा आणि गर्दीच्या वेळी नेऊ नका. ती आत जाऊन गोंधळली तर अधिकाऱ्याला मदत मागू द्या, तुम्ही दारातून ओरडून सांगू नका. आणि त्या दिवशी सकाळी "मला नाही यायचं" म्हणाली तर कारण विचारा, दुखतंय का, भीती वाटतेय का, दुपारी पुन्हा एकदा विचारा, लोकसभा-विधानसभेला साधारण सहापर्यंत वेळ असतो, रांगेत वेळ संपायच्या आत पोचलं तरी मत घेतात. तरीही नाही म्हणाली तर साडी घडी करून ठेवा आणि तिला चहा द्या.