शेपूट हलतंय? आधी बाकीचं अंग बघा

रात्री सराफ्यात खाऊन रामबागेकडे पायी परतताना गल्लीतली कुत्री हमखास भेटतात. शेपूट हलतंय म्हणजे मायाळू असणार, असं धरून मुलं थेट डोक्यावर हात ठेवायला जातात. इंदूरकरांनो, नुसत्या शेपटीवर विसंबू नका.

खुशीतल्या कुत्र्याचं कंबरेपासून अंग डुलतं, तोंड सैल उघडं असतं. शेपूट उंच, ताठ आणि भरभर थरथरतंय, अंग आखडलंय, तर तिथंच थांबा.

समोर खायला काही नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवणं ही अवघडल्याची लक्षणं. त्यातही मान न वळवता तो तिरकं बघतो आणि डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते, ती मुलांना नक्की दाखवून ठेवा. पुष्कळदा गुरगुरण्याआधी तीच दिसते.

जवळ जायचंच असेल तर:
१. तिरपं उभं राहा, नजर रोखू नका.
२. तो स्वतः येऊन हुंगेपर्यंत हात खालीच ठेवा.
३. छातीवर ३ सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. पुन्हा अंगाशी आला तर त्याला हवंय, नाहीतर पुरे.

घरचा कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नका हो! इशारा द्यायचंच त्यानं सोडलं, तर पुढच्या वेळी थेट चावेल.

दात लागलाच, अगदी ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद-मिरची लावू नका. त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.