कुत्र्याने नको ते गिळलं? पहिल्या अर्ध्या तासात या चुका टाळा

तीन किलोच्या पॉमला किंवा शिह त्झूला माणसाची एक गोळीही भारी पडते. 500 मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल अख्खी गेली, तर दर किलोला जवळपास 165 मिलिग्रॅम होतात. 100 च्या आसपासच कुत्र्याच्या यकृताला धोका सुरू होतो. तेव्हा ‘एकच तर गोळी होती’ असं म्हणून गप्प बसू नका. वजन ठाऊक नसेल तर त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे. फरक ते त्याचं वजन. डॉक्टर फोनवर पहिलं तेच विचारतील.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं ही सगळ्यात घातक चूक. रक्तातलं सोडियम एकदम चढतं, कुत्रा थरथरू लागतो, झटके येतात. एवढ्याशा जिवाला दोन चहाचे चमचे, म्हणजे 12 ग्रॅम मीठ जिवावर बेतू शकतं. घशात बोट घालूनही उपयोग नाही: कुत्र्याला त्याने सहसा उलटी होत नाही, फक्त घसा ओरबाडतो आणि तुमचं बोट चावलं जातं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा सल्ला इंटरनेटवर सर्रास दिसतो, पण तो 3 टक्क्यांच्या द्रावणाचा असतो. आपल्याकडे मेडिकलमध्ये बहुतेक 6 टक्क्यांचं मिळतं आणि त्याने जठराला जखमा होतात. उलटी इंजेक्शननेच होऊ द्या. साधारण दोन तासांच्या आत नेलं तर पोटातलं बरंच बाहेर निघतं.

काही वस्तू तर उलटून काढायच्याच नसतात. संडास साफ करायचं ॲसिड, रॉकेल, सुई, टोकदार हाड, घड्याळातला बटण सेल. ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं, रॉकेल फुप्फुसात उतरतं. झटके येत असतील किंवा कुत्रा गुंगीत असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.

दूध पाजलं की विष उतरतं, हा समज सोडा. कपाटातली डांबरगोळी खाल्ली असेल तर उलट नुकसान होतं: नॅफ्थलीन स्निग्ध पदार्थात विरघळतं आणि अंगात लवकर भिनतं.

उंदराच्या औषधात खरी फसगत होते. सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले डक्टपाशी, जिन्याखाली वड्या ठेवून जातात. त्यात ब्रोमॅडिओलोन असेल तर कुत्रा तीन ते पाच दिवस खेळतो, जेवतो, आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो. लगेच नेलं तर व्हिटॅमिन के१ ने तो वाचतो. औषध मात्र तीन-चार आठवडे चालतं. झिंक फॉस्फाइड असेल तर खायला काहीही देऊ नका. अन्नाने जठरातलं आम्ल वाढतं, आम्लाने विषारी वायू तयार होतो. वाटेत ओकला तर रिक्षा थांबवून उतरा, टॅक्सी असेल तर सगळ्या काचा खाली करा. तो वायू माणसालाही बाधतो. म्हणून सेक्रेटरीकडून औषधाचं नाव मागवून घ्या.

शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं आणि भिजत घातलेली चिंच यांत टार्टरिक आम्ल असतं. मूत्रपिंडं निकामी व्हायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे ‘लक्षणं दिसली की नेऊ’ म्हणणं इथे महागात पडतं. डार्क चॉकलेटच्या 30 ग्रॅममध्ये साधारण 150 मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं, तीन किलोच्या कुत्र्याच्या हृदयाची लय बिघडवायला पुरेसं. शुगर-फ्री च्युइंगममधल्या झायलिटॉलने अर्ध्या तासातही साखर कोसळते.

गजऱ्याचा दोरा किंवा मांजा तोंडातून वा मागून लोंबत असेल तर ओढू नका. दुसरं टोक आत अडकलेलं असतं आणि ताणलेला दोरा आतडं करवतीसारखा कापतो. आंब्याची कोय गिळली आणि दोन दिवसांनी ओकाऱ्या सुरू झाल्या, तर सोनोग्राफीचं विचारा. कोय एक्स-रेत नीट दिसत नाही.

शेवटचं गाडीचं. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय बऱ्याच जणांना ठाऊक असतं, म्हणून बोरिवलीहूनही थेट तिकडेच निघतात आणि हायवेवर तास-दीड तास जातो. आधी घराजवळच्या डॉक्टरांना फोन करून उलटीचं इंजेक्शन आहे का विचारा, तिथे पोट रिकामं करून घ्या, मग गरज पडली तर मोठ्या रुग्णालयात. निघताना रॅपर किंवा गोळ्यांची पट्टी सोबत घ्या, किती उरलंय ते मोजा, आणि झिंक फॉस्फाइडची शंका नसेल तर ओकलेलं पिशवीत बांधून न्या.