आधी चेहरा झाकून बघा

कला शिकताना दुसऱ्या वर्षाला मी छापचित्रासाठी तांब्याच्या प्लेटवर मेरी कोरली, मांडीवर मृत येशू घेतलेली. तीन आठवडे नुसते तिच्या डोळ्यांवर आणि अश्रूंवर गेले. प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, निघालं, वर्गातल्यांनी वाहवा केली. सरांनी मेरीच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवला आणि विचारलं, "आता ही बाई काय करतेय?" बघतो तर बाई मांडीवर शिवण घेऊन निवांत बसलेली. दुःख सगळं अंगठ्याखाली.

बहुतेक नवखे इथेच आपटतात, म्हणून जरा लांबण लावतो. जर्मन चित्रकार मार्टिन शोंगाउअरचं 1470च्या सुमाराचं संत अँथनीच्या छळाचं एन्ग्रेव्हिंग, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून काढलेलं छापचित्र, उघडा. संताचा चेहरा जवळजवळ निर्विकार आहे. भोवती राक्षसांचं कडं, चहूबाजूंनी ओढाताण. पायांखाली जमीन नाही, खाली कोपऱ्यात खडकाचा तुकडा तेवढा. मागे बराचसा कोरा कागद. राक्षसांच्या अंगावर खवले, काटे, केस अशा तुटक, बोचऱ्या रेषा आणि संताच्या झग्याला मात्र लांब, संथ घड्या. आता त्याचा चेहरा झाका. तरी तो अधांतरीच लोंबकळतो आणि तरी त्यांना बधत नाही. माझ्या मेरीत हेच नव्हतं. तिचे खांदे, गुडघे, येशूचं ओझं, यातलं काहीच दुःखी नव्हतं.

मग मी दुसरं टोक गाठलं. रेम्ब्रांटचं 1653चं 'तीन क्रूस' पाहिलं. आधीच्या प्रतींत वरून प्रकाशाचा झोत पडतो आणि खालची काही माणसं चारदोन रेषांत उरकलेली आहेत. पुढे त्याने तीच प्लेट खरवडून वरून खाली रेषांचा असा मारा केला की चौथ्या स्टेटमध्ये, म्हणजे प्लेट बदलत गेल्यावरच्या चौथ्या रूपात, अर्धी गर्दी अंधारात गडप झाली. मला वाटलं, सापडलं! सगळी प्लेट आडव्याउभ्या जाळीने भरून टाकली. प्रूफ तव्याच्या बुडासारखं आलं. त्याने प्रकाशाची जागा राखली होती, मी काहीच राखलं नव्हतं.

फ्रेंच एन्ग्रेव्हर क्लोद मेलाँचा 1649चा येशू तर नाकाच्या शेंड्यापासून फिरत गेलेल्या एकाच रेषेचा आहे. ती जाड-बारीक होते, त्यातूनच काट्यांचा मुकुट आणि रक्त उमटतं. हा नुसता चेहराच की, असं म्हणाल. खरंय. पण तिथेही काम रेषेचा दाब करतो, रडवेला आविर्भाव नाही.

म्हणून फोटोवरून जाळी काढून देणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. त्याला दाब कळत नाही. 'मनापासून फील कर' एवढंच सांगणाऱ्या गुरूंपासूनही चार हात लांब राहा. म्युझियमच्या साइटवरचे मोठे स्कॅन फुकट आहेत, तेच झूम करून तासन्‌तास बघा.

ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, घसरेल, हाताला लागेल, घाबरू नका. वळणावर मनगट नको, वाळूच्या उशीवरची प्लेट फिरवा. चुकलेली रेषा स्क्रेपरने खरवडून, बर्निशरने घासून पुष्कळशी जाते. वेळ मात्र खाते.

पुढच्या प्लेटवर मी मेरीला पाठमोरी बसवली, खांदे उतरवले, येशूचा हात जमिनीपर्यंत लोंबता सोडला. या वेळी सरांचा अंगठा त्या हातावर आला. बोटं चुकली होती.