या चुका टाळा: ग्लुकोमीटरचा आकडा चुकतो कुठे?

"मशीनच बिघडलंय, काहीही दाखवतं." हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. सासूबाई आणि यजमान, दोघांचीही शुगर बारा वर्षं मीच तपासते, त्यामुळे आळीतली माणसं आपापलं मीटर घेऊन माझ्याकडेच येतात. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. नडलेली असते ती घाई.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हात न धुता बोट टोचणं. आमच्या रत्नागिरीत मे महिन्यात ही चूक घरोघरी होते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकू आमरसासाठी आंबे पिळून उठल्या, फडक्याला हात पुसले आणि शुगर तपासली. आकडा आला 318. काका इन्सुलिनचं पेन हातात घेऊनच आमच्या दारात आले, "चार युनिट जास्त देऊ का गं?" मी आधी काकूंना मोरीवर नेलं. नखांच्या कडांना पिवळा रस तसाच होता. साबणाने हात धुवून, नीट कोरडे करून दुसरं बोट टोचलं, तर 142! ती चार युनिटं गेली असती, तर रात्री झोपेतच शुगर कोसळली असती. त्या विचाराने आजही माझ्या पोटात गोळा येतो.

मीटरमध्ये घालायच्या पट्टीला, म्हणजे स्ट्रिपला, रक्ताचा इवलासा थेंब लागतो. त्यात बोटावरची चिमूटभर साखर मिसळली तरी आकडा उडी मारतो. "स्पिरिटने पुसलं होतं" हे मला सांगू नका. जपानमधल्या संशोधकांनी 2011 साली फळं सोललेल्या बोटांवर हे तपासून पाहिलं. अल्कोहोलचा बोळा पाच वेळा फिरवूनही आकडा चढाच राहिला, नळाखाली हात धुतल्यावर मात्र बरोबर आला. आकडा अनपेक्षित आला की मी डोसचा विचारही करत नाही, आधी हात धुवून पुन्हा तपासते.

दुसरा माझा कायमचा राग स्ट्रिपांच्या हेळसांडीवर. स्ट्रिपवरचं रसायन ओलावा ओढतं, म्हणून तर डबीतच ओलावा शोषणारा पदार्थ घातलेला असतो. आणि माणसं काय करतात? पन्नास स्ट्रिपांची डबी दोघांत वाटून अर्ध्या स्ट्रिपा प्लॅस्टिकच्या पिशवीत नेतात! कोकणातल्या पावसात त्या किती टिकणार? स्ट्रिपा महाग आहेत हे मला कळतं, पण ही काटकसर नव्हे. स्ट्रिप काढली की झाकण लगेच लावा. डबी फ्रिजमध्ये नको, गॅसजवळ नको. उघडल्याची तारीख मी डबीवर मार्करने लिहिते, कारण उघडल्यावर किती महिने चालेल हे डबीवर वेगळं छापलेलं असतं.

बोट पिळून रक्त काढू नका. हात खाली सोडून थोडा झटका, येतं. टोचायचं ते बोटाच्या कडेला. थेंब अपुरा पडला तर वरून दुसरा घालू नका, ती स्ट्रिप गेली समजा. जुन्या मीटरमध्ये स्ट्रिपांच्या डबीवरचा कोड मीटरवरच्या कोडशी जुळवावा लागतो. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर आकडा जास्त दिसू शकतो, डॉक्टरांना सांगा.

नवीन मीटर आणलेले लोक पाच मिनिटांत तीनदा टोचतात आणि सगळ्यात कमी आकडा वहीत लिहितात. असं करू नका. थोडा फरक पडणारच. लॅबमध्ये 200 आली, तर मीटरवरचा 170 ते 230 मधला आकडा मान्य निकषात बसतो. ताडून बघायचंच असेल तर उपाशीपोटी, लॅबमध्ये रक्त देताना तिथेच बोट टोचा. जेवणानंतर बोटाच्या रक्तातली साखर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते.

एकच वेळ अशी, की मी हात धुवायला थांबत नाही. आकडा 70 च्या खाली आणि माणसाला दरदरून घाम, हात थरथरताहेत. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना.