हवे तेवढेच बदल कमिट करताना

पहिल्या नोकरीतला तिसरा-चौथा आठवडा. अहवालात महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या नोंदी येत नव्हत्या. शोधत गेल्यावर चूक सापडली: तुलनेत 'पेक्षा लहान' होतं, तिथे 'लहान किंवा समान' हवं होतं. एका चिन्हाचं काम. पण शोधता शोधता मी त्याच फाइलमध्ये दोन व्हेरिएबलची नावं बदलली होती, एक फंक्शन दुसरीकडे हलवलं होतं, आणि तपासणीसाठी घातलेली प्रिंटची ओळही तशीच होती. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि अशी एकेक नोंद म्हणजे कमिट. मी 'गिट कमिट -ए' दिलं, सगळं एकाच कमिटमध्ये गेलं. दोन दिवसांनी त्या हलवलेल्या फंक्शनमुळे दुसरं पान बंद पडलं. कमिट रिव्हर्ट करावं, म्हणजे त्यातले बदल उलटवावे लागले, आणि त्याबरोबर तारखेची दुरुस्तीही गेली.

तेव्हा एका सीनियर ताईंनी शेजारी बसवून 'गिट अ‍ॅड -पी' दाखवलं. कमिटमध्ये जातं ते स्टेजिंग एरियात (पुढच्या कमिटसाठी निवडलेले बदल जमतात त्या जागेत) ठेवलेलं, डिस्कवरची फाइल जशीच्या तशी नाही, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं. म्हणून एकाच फाइलमधले काही बदल आत आणि काही बाहेर राहू शकतात.

या कमांडने गिट एकेक तुकडा दाखवून विचारतं. हवा असेल तर वाय, नको असेल तर एन, थांबायचं असेल तर क्यू. तुकड्यात दोन वेगळे बदल असतील तर एस दाबून तो फोडता येतो, पण दोन्ही बदलांच्या मध्ये निदान एक न बदललेली ओळ असावी लागते. माझी प्रिंटची ओळ दुरुस्तीला अगदी चिकटून होती, एस चालेना. मग ई. एडिटर उघडतो. अधिकचं चिन्ह असलेली, म्हणजे नवी ओळ नको असेल तर ती सरळ काढायची. वजाची, म्हणजे खोडलेली ओळ परत हवी असेल तर ती मात्र काढायची नाही, वजाच्या जागी एक स्पेस ठेवायची. इथे सगळेच पहिल्यांदा अडखळतात. दोन-तीनदा केलं की हात बसतो.

नवीन फाइल या यादीत येतच नाही. तिला आधी 'गिट अ‍ॅड -एन' (कॅपिटल एन, म्हणजे -N) द्यावं लागतं.

कमिटआधी 'गिट डिफ --स्टेज्ड' देऊन स्टेज केलेले बदल वाचायचेच. आणि एक धोका ध्यानात ठेवा: तुम्ही टेस्ट चालवता ती पूर्ण फाइलवर, कमिट होतो त्यातला काही भाग. तो एकटा चालतो का हे पाहायला 'गिट स्टॅश --कीप-इंडेक्स' करून बाकीचे बदल बाजूला ठेवा, टेस्ट चालवा, कमिट करा, मग 'गिट स्टॅश पॉप'.

चुकून नको ते स्टेज झालं तर 'गिट रीसेट -पी' तसंच तुकड्या-तुकड्याने बाहेर काढतं; फाइलला धक्का लागत नाही. 'गिट चेकआउट -पी' दिसायला तसंच आहे, पण ते फाइलमधलेच बदल पुसतं. कधीच स्टेज किंवा कमिट न केलेली ओळ तिथे गेली, तर गिटकडे तिची प्रत नसते.